हातातली चावी इंजिनात पडली तर?

आज आपल्या बहुतेक गावांत मोटारसायकल आली आहे. ती दूध नेते. ती धानाचे पोते नेते. लेकरांना शाळेत पोचवते. रात्री-बेरात्री आजाऱ्याला दवाखान्यात नेते. पूर्वी घराचा सारा भार बैलजोडीवर असे. आता त्यातला पुष्कळसा भार या दोन चाकांवर आला आहे.

बैलाची निगा आपण घरीच राखतो. तशी गाडीचीही लहानसहान निगा पुष्कळ जण घरीच राखतात. तेल बदलतात, साखळी साफ करतात, प्लग काढून पुसतात. हे चांगलेच आहे. पैसा वाचतो आणि यंत्राची ओळख होते. पण घरी काम करताना एक चूक हमखास होते. हातातला नट, वायसर किंवा लहानसा पाना सुटतो आणि गाडीच्या पोटात जातो. मग काय करावे? त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये?

ते सांगण्यासाठी मी माझीच गोष्ट सांगतो. मी मॅट्रिक झालेला मास्तर आहे. यंत्राचे शिक्षण मी घेतलेले नाही. जे शिकलो ते स्वतःच्या चुकीतून शिकलो.

माझ्या हातून काय झाले

आमचे गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठच्या भागात आहे. कार्तिक महिना होता. धानाची कापणी चालू होती. घरात माणसे दमून आलेली होती. माझा पुतण्या दुधाचा धंदा करतो. रोज पहाटे दोन कॅन गाडीला बांधतो आणि सहा किलोमीटरवरच्या दूध केंद्रावर नेतो. तिथे वेळ ठरलेली असते. वेळ टळली की दूध परत आणावे लागते.

त्या दिवशी इंजिनातून कटकट असा आवाज येत होता. पुतण्या म्हणाला, "काकाजी, टॅपेट ढिले झाले वाटते. मीच कसून घेतो. तुमी बॅटरी धरा."

टॅपेट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. इंजिनाच्या डोक्यात दोन झडपा असतात. एक झडप हवा आणि पेट्रोल आत घेते. दुसरी जळालेला धूर बाहेर सोडते. या झडपांना दाबणारा जो भाग असतो, त्यात थोडी फट ठेवावी लागते. ती फट वाढली की आवाज येतो. फट नीट करण्यासाठी वरचे लहान झाकण उघडतात. आतला नट पान्याने ढिला करतात. मग बोटाएवढ्या एका लहान लोखंडी चावीने स्क्रू फिरवतात.

पुतण्याने काम नीट केले. फट मोजली. नट कसला. एवढ्यात गोठ्यातून हाक आली. जाता जाता तो म्हणाला, "काकाजी, स्क्रूवर ती चावी राहिली हाय. तेवढी काढून ठेवा जी."

सांज झाली होती. माझ्या एका हातात बॅटरी होती. दुसऱ्या हाताची बोटे तेलाने माखलेली होती. मी चावी चिमटीत धरली. ती निसटली. आधी 'टक्' असा आवाज आला. मग खोलवर 'टिक्' असा आवाज आला. मी आत पाहिले. काळोख होता. चावी दिसेना.

पुतण्या परत आला. "झालं का काकाजी?" त्याने विचारले.

आणि माझ्या तोंडून निघून गेले, "झालं."

मित्रहो, हे लिहिताना मला आजही लाज वाटते. मी मुख्याध्यापक होतो. खरे बोला, असे मी शेकडो मुलांना शिकवले. वर्गाची काच फोडून 'मी नाही फोडली' म्हणणाऱ्या एका मुलाला मी ओणवे उभे केले होते. आणि इथे साध्या एका चावीपायी मीच खोटे बोललो. कारण एकच. पोराच्या नजरेत आपण उतरू, ही भीती.

पुतण्याने झाकण लावले. फडक्याने इंजिन पुसले. गाडीला किल्ली लावली. किक बाहेर काढली आणि त्यावर पाय ठेवला. आता पाय खाली येणार, तेवढ्यात मी ओरडलो, "थांब! किक मारू नको!"

तो दचकला. त्याने पाय काढून घेतला. मी सारे खरे सांगितले. तो काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "काकाजी, चावी लहान हाय. बसली असंल कुठं तरी. सकाळी दूध कसं न्यायचं? मारून पाहू का एक किक?"

मी म्हणालो, "नको रे बापा. आधी मिस्त्रीले विचारू."

आम्ही बाजूच्या गावच्या मिस्त्रीला फोन लावला. त्याचा पहिला प्रश्न हाच, "किक मारली का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग काम सोपं हाय गुरुजी. आता गाडी हलवू नका. आडवी करू नका. किल्ली काढून घ्या. मी सकाळी येतो."

दूध आणि चुंबक

दूध मात्र थांबणार नव्हते. आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठलो. एक कॅन पुतण्याच्या सायकलला बांधला. दुसरा माझ्या जुन्या सायकलला बांधला. सहा किलोमीटर आम्ही काका-पुतणे पायडल मारत गेलो. वाटेत दोनदा मी दम घ्यायला उतरलो. पण दूध वेळेवर पोचले. परतताना पुतण्या हसून म्हणाला, "काकाजी, चावी पाडायची शिक्षा तुमीच भोगली." मलाही हसू आले. मनावरचा भार उतरला.

नऊच्या सुमारास मिस्त्री आला. त्याने घाई केली नाही. आधी खिशातला पेन, बिडीचे बंडल आणि सुटे पैसे काढून बाजूला ठेवले. मग इंजिनाच्या डोक्याभोवतीची धूळ पुसली. झाकण उघडले. बॅटरीचा उजेड आत टाकला आणि एक लहानसा आरसा तिरपा धरून पाहिले.

"ती पाहा गुरुजी," तो म्हणाला. मी आरशात पाहिले. झडपा चालवणारी जी साखळी इंजिनाच्या आत असते, तिच्या बाजूला चावी उभी अडकली होती.

त्याने पिशवीतून एक काडी काढली. ती पेनासारखी होती. ओढली की लांब होई. तिच्या टोकाला चुंबक होता. काडी सरळ आत सोडली, तर चुंबक वाटेतच साखळीला चिकटू लागला. तेव्हा मिस्त्रीने प्लॅस्टिकची एक बारीक नळी काडीवर चढवली. आता फक्त टोक उघडे राहिले. बाजू चिकटेनाशी झाली. त्याने हळूच काडी खाली सोडली. 'टिक्' असा आवाज आला. चावी चिकटली. तिला धक्का न लावता, सावकाश, सरळ वर काढली.

सारे काम दहा मिनिटांत झाले. पण मिस्त्रीने लगेच किक मारली नाही. चावी पुसून पाहिली. तिचा तुकडा तर मोडला नाही ना, याची खात्री केली. मग इंजिन हाताने हळूहळू फिरवले. कुठे अडत नाही असे पाहिले. मगच झाकण लावले आणि पुतण्याला म्हणाला, "मार आता किक."

गाडी सुरू झाली. कटकट थांबली होती.

किक मारली असती तर?

हा प्रश्न मी मिस्त्रीला विचारला. त्याने जे सांगितले ते तुम्हीही समजून घ्या.

गाडी जागेवर उभी असून नुसती सुरू असते, तेव्हाही इंजिन सेकंदाला वीस ते पंचवीस फेरे घेते. रस्त्यावर तर याहून कितीतरी जास्त घेते. आतली साखळी दात्यांच्या चाकावर तितक्याच झपाट्याने धावते. साखळी आणि दाते यांच्यामध्ये लोखंडाचा तुकडा आला तर काय होईल? उसाच्या चरकात दगड घालून पाहावे, तसेच ते. साखळी तुटेल किंवा दात्यांवरून घसरेल.

साखळी घसरली की झडपांची वेळ चुकते. दट्ट्या वर येतो तेव्हा झडप वाटेतून बाजूला झालेली हवी. ती नसली तर दट्ट्या झडपेवर आदळतो. झडप वाकते. दट्ट्याला भोक पडू शकते. मग सारे इंजिन उघडावे लागते. दहा मिनिटांचे काम आठवड्यावर जाते. शंभराच्या जागी हजारो रुपये लागतात. आणि गाडी वाटेत वेगात असताना इंजिन अचानक जाम झाले, तर मागचे चाक घसरून माणूसही पडू शकतो.

हे सारे एका किकेने होऊ शकते. म्हणून पहिला धडा हा. वस्तू आत पडली की इंजिन फिरवायचे नाही. किक मारायची नाही. बटण दाबून सुरू करायची नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून ढकलायची नाही, कारण गिअरमध्ये चाक फिरले की इंजिनही फिरते.

वस्तू कशाची आहे ते ओळखा

चुंबक प्रत्येक वस्तू ओढत नाही. तो लोखंडाला आणि पोलादाला ओढतो. पितळ, तांबे, ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक यांना ओढत नाही.

आपला भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेला आहे. घरातल्या पितळी गुंडाला चुंबक लावून पाहा. तो चिकटणार नाही. तोच चुंबक विळ्याला लावा. लगेच चिकटेल.

गाडीतही असेच आहे. पाने, नट, बोल्ट हे बहुधा लोखंडी किंवा पोलादी असतात. त्यांना चुंबक चालतो. पण कार्बोरेटरमधला बारीक भोकाचा जेट पितळेचा असतो. काही वायसर तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे असतात. असे काही पडले तर बांबूच्या बारीक काडीच्या टोकाला घट्ट ग्रीस लावा. त्या ग्रीसला वस्तू चिकटवून वर घ्या. इंजिनाचे बाहेरचे कवच बहुधा ॲल्युमिनियमचे असते. त्यामुळे कवचाला चुंबक चिकटत नाही, ही आपली सोय आहे.

चुंबकाची काडी दुकानात मिळते. ती नसेल तर बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो. त्याचा लहान तुकडा जाड तारेला पक्का बांधून काम होते. पण गाठ दोनदा ओढून पाहा. नाहीतर चावीबरोबर चुंबकही आत जायचा!

वस्तू कुठे पडली ते ठरवा

वस्तू कुठे पडली, त्यावर उपाय ठरतो.

टाकीखाली, वायरींच्या मध्ये किंवा सांगाड्यात पडली असेल, तर भिण्याचे कारण नाही. उजेड पाडून पाहा. काडीने किंवा चुंबकाने काढा. पण ती तशीच सोडू नका. लोखंडी तुकडा वायरीवर घासला तर वायर सोलली जाते आणि ठिणगी पडते.

इंजिनाच्या डोक्यात पडली आणि दिसत असेल, तर चुंबकाने काढता येते. दिसत नसेल तर समजा, ती खाली तेलाच्या जागेत गेली. मग तेल सोडून बाजूचे झाकण उघडावे लागते. ते मिस्त्रीचे काम आहे. तिथे आपण हात घालू नये.

प्लगच्या भोकातून आत पडली, तर ती सरळ दट्ट्याच्या डोक्यावर जाते. तेव्हा इंजिन हाताने फिरवून पाहण्याचाही मोह नको. वस्तू दट्ट्या आणि झडप यांच्यामध्ये सापडू शकते. बारीक चुंबकाने दोन-चारदा प्रयत्न करा. निघाली नाही तर मिस्त्रीला बोलवा.

आणि एक गोष्ट कधीही विसरू नका. आत पाहण्यासाठी काडी, चिमणी किंवा कंदील पेटवू नका. गाडीजवळ पेट्रोलची वाफ असते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण ठिणगी मिळताच पेट घेते. बॅटरीचाच उजेड वापरा.

मोठ्यांच्याही हातून पडते

हातातून वस्तू पडली म्हणून लाजू नका. मोठमोठ्या जाणत्यांच्या हातूनही पडते.

१८ नोव्हेंबर २००८ रोजी अमेरिकेची अंतराळयात्री हायडेमरी स्टेफनिशिन-पायपर अंतराळ स्थानकाच्या बाहेर दुरुस्तीचे काम करत होती. तिच्या पिशवीत ग्रीस सांडले. ते पुसत असता हत्यारांची आखी पिशवीच निसटली आणि दूर तरंगत गेली. तिने लपवले नाही. खाली पृथ्वीवरच्या लोकांना सांगितले. मग जोडीदाराची हत्यारे दोघांनी वाटून वापरली आणि काम पुढे चालू राहिले.

उलट, पडलेल्या वस्तूकडे कोणाचे लक्ष गेले नाही तर काय होते तेही पाहा. २५ जुलै २००० रोजी फ्रान्समध्ये पॅरिसजवळ कॉन्कॉर्ड नावाचे विमान उडत होते. आधी गेलेल्या दुसऱ्या एका विमानाची धातूची एक पट्टी धावपट्टीवर पडली होती. ती जेमतेम हातभर लांब होती. कॉन्कॉर्डचे चाक तिच्यावरून गेले. टायर फुटला. त्याचा तुकडा उडून इंधनाच्या टाकीवर बसला. आग लागली. विमान कोसळले आणि ११३ माणसे गेली.

म्हणून विमानांच्या कारखान्यात प्रत्येक हत्याराची जागा आखलेली असते. काम संपले की सारी हत्यारे जागेवर आली का ते पाहतात. एक जरी कमी असले तरी विमान सोडत नाहीत. दवाखान्यातही तसेच आहे. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर सुया, कापसाच्या घड्या आणि हत्यारे मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी जी यादी काढली, तिच्यातही ही मोजणी आहे. माणसाच्या पोटात काही राहू नये, म्हणून ही खबरदारी.

आपण विमान दुरुस्त करत नाही. पण मोजायला तर आपल्यालाही येते!

आमच्या घरची नवी रीत

त्या दिवसापासून आमच्या घरी ही रीत पडली आहे. तुम्हीही ती पाळून पाहा.

१. काम दिवसा करावे. सांजेला उघडझाप करू नये.

२. इंजिन थंड होऊ द्यावे. किल्ली काढून खिशात नाही, खुंटीवर ठेवावी.

३. वरचा खिसा रिकामा करावा. वाकले की पेन पडतो.

४. हात कोरडे पुसून घ्यावेत.

५. गाडीखाली जुने पांढरे धोतर अंथरावे. त्यावर पडलेला नट चटकन दिसतो.

६. काढलेले नट आणि वायसर परातीत ठेवावेत, जमिनीवर नाही.

७. जे भोक उघडे असेल, त्यात स्वच्छ फडक्याचा मोठा बोळा ठेवावा. बोळ्याचे टोक बाहेर राहू द्यावे, म्हणजे तो काढायला विसरत नाही.

८. लहान चावीला दोरा बांधावा आणि दोरा मनगटाला गुंडाळावा. चावी सुटली तरी दोरा हातात राहतो.

९. फळीवर प्रत्येक पान्याची आकृती कोळशाने काढावी. काम झाले की प्रत्येक पाना आपल्या आकृतीवर ठेवावा. एखादी आकृती रिकामी राहिली तर किक मारू नये.

१०. काही पडले तर लगेच मोठ्याने सांगावे, "पडलं!" आणि ऐकणाऱ्याने रागावू नये.

हा शेवटचा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. रागावणारे घर असले की माणूस लपवतो. लपवले की नुकसान वाढते. मध्यंतरी माझ्या नातवाच्या हातून एक वायसर पडला. तो लगेच ओरडला, "आजोबा, पडलं!" आम्ही तिघे मिळून शोधले. वायसर धोतराच्या घडीत सापडला. मी नातवाला शाबासकी दिली. वायसर सापडला म्हणून नाही, तर त्याने सांगितले म्हणून.

मित्रहो, चूक झाली तर हात थांबवा आणि तोंड उघडा. पुष्कळसे नुकसान तिथेच टळते.

प्रश्न

१. पुतण्याने "झालं का?" असे विचारले, तेव्हा गुरुजी खोटे का बोलले?

२. वस्तू इंजिनात पडल्यावर गाडी गिअरमध्ये का ढकलू नये?

३. मिस्त्रीने चुंबकाच्या काडीवर नळी का चढवली?

४. पितळेचा जेट पडला तर तो कसा काढाल?

५. आत पाहण्यासाठी कंदील का वापरू नये?

करून पाहा

घरातल्या दहा वस्तूंना चुंबक लावा. कोणत्या चिकटतात आणि कोणत्या चिकटत नाहीत, त्यांची दोन रकान्यांत यादी लिहा.

शब्दांचे अर्थ

झडप – उघडझाप करणारे लहान दार, व्हॉल्व्ह
दट्ट्या – इंजिनात खालीवर होणारा भाग, पिस्टन
वायसर – नटाखाली बसवतात ती चकती
चुंबक – लोखंडाला ओढून घेणारी वस्तू
धावपट्टी – विमान जिथून उडते तो लांब रस्ता